यादीत नाव लावून घ्या: कोल्हापूर जिल्ह्यात विस्थापित आणि अल्पसंख्याक कुटुंबांसाठी ग्रामपंचायत कामाला कशी लावायची

आपल्याकडे हक्कासाठी भांडायचं म्हटलं की लोक थेट दसरा चौक गाठतात आणि तिथून मोर्चा कलेक्टर कचेरीवर जातो. मोर्चा हवाच. काळम्मावाडी असो, वारणा असो की आजऱ्यातलं उचंगी, धरणग्रस्तांच्या पदरात जे पडलं ते रस्त्यावर उतरल्याशिवाय पडलेलं नाही. पण मोर्चातून आदेश निघतो आणि त्या आदेशाचं पुढे काय होणार ते गावातल्या एका लोखंडी कपाटात ठरतं. त्या कपाटात नमुना ८ चं रजिस्टर (गावातल्या मालमत्ता आणि त्यांचे मालक यांची नोंद) असतं, ग्रामसभेचं इतिवृत्त असतं, घरकुलाची यादी असते. ज्याचं नाव तिथे नाही, त्याच्यापर्यंत कलेक्टरांचा आदेशही पोचत नाही.

म्हणून हा लेख त्या कपाटाबद्दल आहे. सरपंच, सदस्य, ग्रामसेवक, शाळा समितीतले पालक, बचत गटाच्या ताई आणि गावात नव्याने राहायला आलेलं एखादं शिकलेलं पोरगं, यांना उपयोगी पडावा म्हणून. (ग्रामसेवकाला आता सरकारी कागदावर ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी. अर्जावर नवं पदनाम लिहा, बोलताना भाऊसाहेबच चालेल.)

आधी कोण कोण, ते नीट बघा

विस्थापित म्हटलं की डोळ्यांसमोर धरणग्रस्त येतात. आपल्या बारा तालुक्यांत निदान चार तऱ्हेची विस्थापित माणसं आहेत. धरणाने आणि चांदोलीच्या जंगलाने उठवलेली, ज्यांच्या वसाहती आज हातकणंगले, शिरोळ, कागल पट्ट्यात आहेत. पुराने दर काही वर्षांनी उठवली जाणारी, करवीर-शिरोळमधली नदीकाठची. हंगामाला बीड-परभणीकडून येणारे ऊसतोड मजूर. आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटकातून आलेले कामगार, जे दहा-दहा वर्षं इथे राहूनही 'बाहेरचे'च राहतात.

अल्पसंख्याकांचंही तसंच. केंद्राने अधिसूचित केलेले समाज सहा: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. सीमाभागातली कन्नड बोलणारी घरं भाषिक अल्पसंख्याक. राज्यघटनेची कलमं २९ आणि ३० या दोघांनाही लागू होतात, आणि मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करा असं कलम ३५० अ स्थानिक संस्थांनाही सांगतं. डवरी गोसावी, वडार, डोंबारी हे कायद्याच्या व्याख्येत अल्पसंख्याक नाहीत, भटके-विमुक्त आहेत. फासेपारधी अनुसूचित जमातीत मोडतात. पण तीनशे उंबऱ्यांच्या गावात चार पालं असली तर ग्रामसभेत त्यांची गत काय होते हे सांगायला नको. या लेखात त्यांनाही धरलंय.

पहिलं काम: प्रत्यक्ष राहणाऱ्यांची वही

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं. याला वेळ द्या.

ग्रामपंचायतीकडे घरांची यादी असते, माणसांची नसते. नमुना ८ मध्ये मालमत्ता आणि तिचा मालक. मतदार यादीत अठरा वर्षांवरचे, तेही ज्यांनी नाव नोंदवलं तेवढेच. रेशनच्या यादीत ज्यांचं कार्ड इथलं ते. या तिन्ही याद्यांच्या फटीतून भाडेकरू, पालात राहणारे, वसाहतीतली वाटणी न झालेली भावंडं आणि एकट्या बाया निसटतात. गावातली खरी यादी असते अंगणवाडीताईंकडे आणि आशाताईंकडे, कारण त्या गरोदर बाई आणि लहान मूल शोधत दारोदार फिरतात. तेव्हा सुरुवात त्यांच्या सर्वेक्षणाच्या रजिस्टरपासून करा.

रीत अशी. मासिक सभेत ठराव करून 'स्थलांतर व निवास नोंदवही' उघडा. सदस्यांनी आपापल्या प्रभागात अंगणवाडीताईंबरोबर फिरावं. वहीत रकाने थोडे ठेवा: कुटुंबप्रमुख (नवरा-बायको दोघांची नावं), माणसं किती, घर स्वतःचं की भाड्याचं की पाल, इथे कधीपासून, आधीचं गाव, रेशन कार्ड कुठलं, पूर आला तर उचलून न्यावं लागेल असं कोणी आहे का, जनावरं किती, फोन. नोंद झाल्यावर त्या कुटुंबाला पान आणि अनुक्रमांक लिहिलेली पोच द्या, ग्रामसेवकाच्या सही-शिक्क्यासह. एवढी एक चिठ्ठी पुढे पंचनाम्याला, शाळेत, मतदार नोंदणीला उपयोगी पडते.

आता एक सावधगिरी. या वहीत धर्म आणि जात हे रकाने ठेवू नका. योजनेसाठी जात सांगावी लागते तेव्हा जातीचा दाखला जोडतातच, त्यासाठी वेगळी फाइल असते. पण गल्लीवार, नावानिशी, धर्मासकट केलेली यादी गावात वातावरण तापलं की कुणाच्या हातात जाईल याचा भरवसा नाही. आज चांगल्या हेतूने केलेली यादी उद्या त्याच हेतूने वापरली जाईलच असं नाही. फलकावर लावायची ती फक्त संख्या: भाडेकरू कुटुंबं इतकी, हंगामी इतकी. नावं कपाटात.

वही झाली की त्यातून तीन फाटे काढा. मतदार नोंदणीसाठी नमुना ६. गाव किंवा पत्ता बदलला असेल तर नमुना ८ (नमुना ८ दोन आहेत, मतदार नोंदणीचा वेगळा आणि ग्रामपंचायतीचा वेगळा, गल्लत करू नका). मतदार व्हायला घर मालकीचं असावं लागत नाही, तिथे सर्वसाधारणपणे राहत असणं पुरतं. पालात किंवा उघड्यावर राहणाऱ्याकडे पत्त्याचा पुरावा नसला तरी बीएलओने (मतदार यादीचं काम बघणारा स्थानिक कर्मचारी) रात्री जाऊन तो तिथे झोपतो का हे पाहून खात्री करायची असते. हे बऱ्याच बीएलओंनाही माहीत नसतं, तेव्हा तुम्हीच सांगा. दुसरा फाटा रेशनचा: कार्ड बीडचं असलं तरी 'एक देश, एक रेशन कार्ड'मुळे धान्य इथल्या दुकानात मिळतं. तिसरा जातीच्या दाखल्याचा: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. धरणाखाली गेलेल्या गावातल्या माणसाला हा पुरावा शोधणं जिवावर येतं. जुन्या गावचं शाळेचं दप्तर, जन्म-मृत्यू नोंदी कुठल्या कार्यालयात हलवल्या ते ग्रामपंचायतीने एका पत्राने विचारून ठेवलं तर प्रत्येक पोराच्या बापाला वेगळी वणवण करावी लागत नाही.

ग्रामसभा: ठराव कसा आणायचा, आणि चुकीचा आला तर कसा अडवायचा

वर्षाला निदान चार ग्रामसभा होतात, आपल्याकडे साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. नाही जमली तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ही मेख ओळखून ठेवा: नको असलेला विषय चार माणसांत उरकायचा असेल तर पहिली सभा मुद्दाम तहकूब होऊ दिली जाते.

विषय सभेच्या निदान आठ-दहा दिवस आधी लेखी द्या आणि पोच घ्या. आयत्या वेळच्या विषयांवर विसंबू नका. त्याआधी महिला सभा होते, तिथे मांडलात तर जास्त बरं. भाडेकरू बाया, वसाहतीतल्या बाया गावसभेत तोंड उघडत नाहीत, महिला सभेत उघडतात. आणि तिथला ठराव ग्रामसभेपुढे ठेवावाच लागतो.

ठरावाचा नमुना देतो. आपल्या गावाप्रमाणे बदला.

"विषय: गावात प्रत्यक्ष राहणाऱ्या सर्व कुटुंबांची नोंद व आपत्तीच्या मदतीत समान वागणूक. ठराव: गावच्या हद्दीत राहणाऱ्या सर्व कुटुंबांची, मग ती घरमालक, भाडेकरू, पुनर्वसित वा हंगामी असोत, नोंदवही दरवर्षी ३१ मेपूर्वी अद्ययावत करावी. पूर वा अन्य आपत्तीच्या पंचनाम्यात भाडेकरू कुटुंबाच्या सामानाची नोंद घरमालकाच्या नोंदीपासून स्वतंत्र घ्यावी. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम ६१ नुसार मदत व भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यांवरून भेदभाव होणार नाही, याची जबाबदारी ग्रामपंचायतीची राहील. या ठरावाची प्रत तहसीलदार व गटविकास अधिकारी यांना पाठवावी. सूचक. अनुमोदक."

शेवटचं प्रत पाठवायचं वाक्य गाळू नका. वहीत पडून राहिलेला ठराव कुणालाच बांधत नाही.

आता उलटी बाजू. ग्रामसभा म्हणजे बहुमत, आणि बहुमत नेहमी शहाणं असतंच असं नाही. २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीने गावात नव्याने आलेल्या अल्पसंख्याकांची नावं मतदार यादीत घेऊ नयेत असा ठराव केला. गवगवा झाल्यावर तो मागे घेतला गेला. ठराव होताना समोर बसलेल्या एकानेही साधा प्रश्न विचारला असता, 'हा विषय आपल्या अधिकारात येतो का?', तर तिथेच निभावलं असतं. मतदार यादी निवडणूक आयोगाची, ग्रामपंचायतीचा तिच्याशी संबंध नाही. तसंच कुणाला घर भाड्याने द्यायचं, कुणाच्या दुकानातून माल घ्यायचा, हेही ग्रामसभेचे विषय नव्हेत.

असा विषय पुढे आला तर आरडाओरडा न करता तीन गोष्टी करा. 'विषय ग्रामपंचायतीच्या अधिकाराबाहेरचा असल्याने माझा विरोध नोंदवावा' असं म्हणा आणि इतिवृत्तात ते लिहिलं गेलंय का ते वाचून घ्या. त्याच आठवड्यात इतिवृत्ताची नक्कल मागा. मग गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. बेकायदा ठरावाची अंमलबजावणी थांबवता येते, पण कागद हातात असेल तरच.

पैसा कुठून

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के खर्च मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी करावा लागतो. बहुतेक ठिकाणी हा पैसा मार्चअखेर घाईघाईने भांडी, खुर्च्या, सौरदिवे यांत जातो. पुनर्वसन वसाहतीतल्या किंवा पालावरच्या मागासवर्गीय घरांपर्यंत तो गेला का, एवढं विचारा. वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवलेला वाटा असतो. वसाहतीतली फुटकी जलवाहिनी किंवा पालाजवळचं शौचालय त्यात सहज बसतं. मात्र काम 'आमचा गाव, आमचा विकास' आराखड्यात आधी घातलेलं हवं.

कब्रस्तानाचं कुंपण, अल्पसंख्याक वस्तीतला रस्ता, गटार, सभागृह यांसाठी राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची ग्रामीण क्षेत्र विकास योजना आहे. प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या ठरावासह जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत जातो. जागेचा सातबारा जोडलेला नसला की फाइल परत येते. जागा गावठाणात असेल तर नमुना ८ चा उतारा आणि नकाशा जोडा. अल्पसंख्याकांसाठीच्या पंतप्रधानांच्या १५ कलमी कार्यक्रमाची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते. तिच्यापुढे तुमच्या तालुक्याचा विषय गेलाय का, हे माहिती अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात.

पूर: जूनच्या आधी आणि पाणी ओसरल्यावर

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हे आकडे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ आहेत. पण कुठल्या फुटाला आपल्या गल्लीत पाणी येतं हे ठिकठिकाणी वेगळं, आणि ते जुन्या माणसांनाच नेमकं ठाऊक असतं. प्रत्येक सखल गल्लीपुढे तो आकडा वहीत लिहा. शहरात सुतारवाड्यातली कुटुंबं सगळ्यात आधी हलतात आणि चित्रदुर्ग मठात जातात, हे ठरून गेल्यासारखं आहे. म्हणूनच तिथे गोंधळ कमी होतो. गावातही असंच 'कुठली गल्ली, कुठल्या फुटाला, कुठल्या इमारतीत' हे मे महिन्यात ठरवून फलकावर लावा.

निवारा ठरवताना फक्त शाळा आणि मंगल कार्यालयं धरू नका. मठ, जैन बस्ती (मंदिर), मशिदीचा हॉल, चर्चची शाळा, बौद्ध विहार यांच्या विश्वस्तांना पत्र देऊन संमती आधीच घ्या. १९०६ साली राजर्षी शाहूंच्या आश्रयाने सुरू झालेलं दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग पुरात सगळ्यांसाठी उघडलं गेलं. गावागावांत असं झालं की पुढच्या वर्षीची शांतता समिती निम्मी तिथेच तयार होते.

स्वयंपाकाचं बारीक बघा. पूर नेमका चातुर्मासात येतो. शिरोळ-हातकणंगल्यात जैन घरं भरपूर. संध्याकाळचं एक पातेलं कांदा-लसूण न घालता दिवस मावळायच्या आत उतरवलं तर म्हाताऱ्या बाया उपाशी झोपत नाहीत. मुस्लिम कुटुंबांच्या नमाजाच्या वेळेला एक कोपरा मोकळा ठेवायला काहीच खर्च येत नाही. आणि एक गोष्ट मात्र चालवून घेऊ नका: विशिष्ट वस्तीतल्या लोकांना शेवटची खोली, वेगळी पंगत, वेगळा नळ. व्यवस्था बघणाऱ्यांना कलम ६१ वाचून दाखवा. खोल्या गल्लीप्रमाणे न देता ज्या क्रमाने कुटुंबं आली त्या क्रमाने द्या, म्हणजे हा प्रश्न निघतच नाही.

जनावरांची सोय नसेल तर माणसं हलत नाहीत. म्हैस दावणीला सोडून कोण येतो? छावणीची जागा आणि चारा कारखान्याशी किंवा दूध संघाशी बोलून आधी ठरवा.

पाणी ओसरलं की खरं काम. भिंतीवर गाळाची रेघ राहते. चुना मारायच्या आत तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढा, घर क्रमांक दिसेल असा. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, शेतीसाठी कृषी सहायक येतात. घर पाण्यात दोन दिवसांपेक्षा जास्त होतं का, यावर कपडे-भांड्यांची मदत अवलंबून असते, त्यामुळे पाणी कुठल्या तारखेला शिरलं आणि कधी उतरलं हे नोंदवहीत त्याच दिवशी लिहा. भाडेकरूचं तिथेच बिनसतं. घरमालक पुण्याला, आत यंत्रमाग कामगाराचं कुटुंब. गादी, भांडी, शिलाई मशीन भिजलं त्यांचं आणि पंचनामा होतो उताऱ्यावरच्या नावाने. २०१९ च्या पुरात सानुग्रह अनुदान ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार होतं, त्यातले पाच हजार रोख आणि बाकीचे खात्यावर. खातं कुणाचं, हाच सगळा प्रश्न. नोंदवहीची पोच आणि वरचा ठराव पंचनामा करणाऱ्यासमोर ठेवा, घर पडल्याची नोंद मालकाच्या नावे आणि सामानाची राहणाऱ्याच्या नावे घ्यायला सांगा. पंचनाम्याची यादी चावडीवर लागली की हरकतीसाठी लगेच लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून भागत नाही.

कोल्हापूर शहरात हेच काम महापालिकेच्या चार विभागीय कार्यालयांतून होतं: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट. नोव्हेंबर २०२० नंतर बराच काळ महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. २०२१ चा पूर त्याच काळातला. कुणाच्या दारात जायचं हे लोकांना तेव्हा कळेना. नगरसेवक असो नसो, विभागीय कार्यालयाचा आवक शिक्का असलेला अर्ज ठेवायची सवय लावा.

धरणाची वसाहत आणि यजमान गाव

वसाहत म्हणजे दुसऱ्याच्या गावात वसवलेलं आपलं गाव. जमिनी गेल्या यजमान गावच्या, म्हणून तिथल्या लोकांच्या मनात राग. आणि वसाहतीतल्यांना आम्ही उपरे ही बोच. चाळीस वर्षांनंतरही हे जाणवतं.

प्रभाग रचनेवर लक्ष ठेवा. निवडणुकीआधी प्रारूप रचना प्रसिद्ध होते आणि हरकतीला थोडेच दिवस मिळतात. वसाहत दोन प्रभागांत चिरली गेली की दोन्हीकडे ती अल्पमतात जाते आणि एकही सदस्य निवडून येत नाही. तहसीलदारांकडे हरकत घेताना भावनेचं बोलू नका. नकाशा, घरांची संख्या, लोकसंख्या आणि 'वस्ती सलग आहे' हा मुद्दा मांडा. मोठी वसाहत असेल तर स्वतंत्र महसुली गाव आणि स्वतंत्र ग्रामपंचायतीचा प्रस्ताव करा, त्याला वर्षं लागतात म्हणून आज सुरू करा.

नागरी सुविधांची यादी आपल्याकडे 'अठरा नागरी सुविधा' म्हणून प्रसिद्ध आहे. ग्रामपंचायत वसाहत ताब्यात घेते तेव्हा हस्तांतरणाच्या कागदावर डोळे झाकून सही करू नका. एकदा सही झाली की पाटबंधारे म्हणतं काम झालं, पुनर्वसन म्हणतं ताबा दिला, आणि फुटक्या रस्त्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या गळ्यात. सुविधेनिहाय चालत जाऊन पाहणी करा, अपुरं असेल तर तसं लिहून सही करा. स्मशानभूमीचा रकाना विशेष तपासा. आराखड्यात दहनाचं शेड दाखवलेलं असतं. मुस्लिमांची, ख्रिश्चनांची दफनभूमी आणि लिंगायतांची रुद्रभूमी कुठे? मयत झाल्यावर जागा शोधत फिरण्याची वेळ आणि त्यावरून होणारे तंटे, हे एका नकाशाने टळतात.

भूखंड मिळाला पण सनद (हक्काचा सरकारी कागद) नाही, जमीन मिळाली पण सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव, भावांची वाटणी नाही, या तक्रारी जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्यांकडे जातात. एकेकट्याने न जाता ग्रामपंचायतीच्या पत्राला घरनिहाय तक्ता जोडून एकत्र द्या. प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे, तो दाखला घरात कुणाच्या नावे काढायचा यावरून भाऊबंदकी होते. आधीच बसून ठरवलेलं बरं.

नवा प्रकल्प येत असेल तर २०१३ चा भूसंपादन कायदा हाताशी आहे. सामाजिक परिणामांचा अभ्यास करताना पंचायतीशी सल्लामसलत बंधनकारक आहे, आणि १०० एकर वा त्याहून मोठ्या संपादनात जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीवर बाधित भागातल्या पंचायतीचे प्रमुख असतात. तिथे सरपंचाने चहा पिऊन येऊ नये, ठराव घेऊन जावं. आणि फक्त घराचा विचार नको. १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला भूखंड मिळाले, तरी पुढच्या पुरांतही नदीकाठची घरं भरलेलीच होती, कारण शेत, गोठा आणि दुधाचा धंदा खाली राहिला.

हंगामी माणसं

याचं थोडक्यात सांगतो, कारण मोठा भाग कारखान्यांचा आणि त्यांच्या मूळ गावांचा आहे. ऊसतोडीचा अड्डा पडला की ग्रामपंचायतीने पाणी, फिरतं शौचालय आणि दिवा एवढं बघावं. मुलं शाळेत घालताना जन्मदाखला वा टीसी नाही म्हणून मुख्याध्यापकांना परत पाठवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं ते सरळ कलम आहे, आणि वयानुसार वर्ग द्यावा लागतो. मूळ शाळेने शिक्षण हमी कार्ड दिलं असेल तर उत्तम. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि वंचित घटकांना प्रमाणात जागा द्यायच्या असतात. यंत्रमाग कामगाराची बायको त्यात घ्या, बघा काय फरक पडतो ते.

वातावरण तापतं तेव्हा

जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद पडलं. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापुरात घरांची आणि मशिदीची नासधूस झाली. अशा वेळी बाहेरून आलेल्यांना गावच्या लोकांनी अडवलं का, यावर बरंच काही ठरतं, आणि ते अडवणं ऐनवेळी सुचत नाही. शांतता समिती गणपती-ईदच्या तोंडावर पोलीस ठाण्यात फोटोपुरती बसते. गावाची समिती वेगळी करा: तंटामुक्त समिती असेल तर तिच्यातच दोन्हीकडची तालमीतली पोरं आणि दोन बाया घ्या, पोलीस पाटलाचा आणि ठाण्याचा नंबर सगळ्यांकडे ठेवा.

नुकसान झालंच तर पंचनामा पुराइतकाच काळजीने करून घ्या. जातपंचायतीने आपल्याच समाजातल्या कुटुंबाला वाळीत टाकलं तर सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा (२०१६) आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबावर गावाने बहिष्कार घातला तर ॲट्रॉसिटी कायदा. दोन धर्मांत तेढ पसरवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १९६. कुठला कायदा कशाला लागतो यात गफलत झाली की तक्रार ठाण्यातच लटकते.

बांधकाम पाडण्याची नोटीस हाही याच काळात निघणारा कागद. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात पंधरा दिवसांची नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी बंधनकारक केली आहे. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला मात्र ही सवलत नाही. नोटीस काढणारी ग्रामपंचायत असली तर सदस्यांनी तारीख आणि पोच तपासावी, नाहीतर न्यायालयात उत्तर त्यांनाच द्यावं लागेल.

वरची पायरी कधी चढायची

आधी ग्रामसेवक, मग गटविकास अधिकारी किंवा तहसीलदार. उतारा, दाखला अडवला तर लोकसेवा हक्क कायदा २०१५ प्रमाणे अपील. दप्तर दाखवत नसतील तर माहिती अधिकार, तीस दिवस. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी, अर्ज पंधरा दिवस आधी. धर्मामुळे अन्याय झाल्याचा मुद्दा असेल तर राज्य अल्पसंख्याक आयोगाकडे थेट लिहिता येतं, खालच्या अर्जांच्या पोच जोडा.

ग्रामसेवकाची बदली दर काही वर्षांनी होतेच. नोंदवही चार्ज यादीत लिहिलेली नसेल तर ती नव्या माणसाच्या हाती येत नाही आणि सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून वही उघडतानाच्या ठरावातच 'ही वही कायम दप्तरात ठेवावी व कार्यभार हस्तांतराच्या यादीत तिचा समावेश असावा' ही ओळ घाला, आणि बदलीच्या दिवशी एखाद्या सदस्याने कार्यालयात हजर राहून तिचा अनुक्रमांक चार्ज यादीत चढला का ते बघावं.